काटकसरीचा संसार आणि त्यातलं समाधान, तुमच्याकडे काय काय चालतं?

ओसरी (कर्वेनगर, पुणे)

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. काटकसरीबद्दल हल्ली दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणजे आमच्या वेळी कसं थोडक्यात भागायचं आणि दुसरा म्हणजे पगाराचा अर्धा भाग गुंतवा आणि चाळिशीत रिटायर व्हा. मला ह्या दोन्हीबद्दल बोलायचं नाहीये. मला काटकसरीने राहायला मनापासून आवडतं. आता पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली, तशी चणचण नाही, तरी आवडतं, आणि रोजच्या रोज त्यातून जे समाधान मिळतं ते नेमकं कशामुळे ह्यावर तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

उदाहरणच देते. आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. साय विरजणात जाते, आठवड्याने लोणी निघतं, ताकाची कढी होते, तूप कढवलं की खाली बेरी राहते ती साखर घालून नातवाला नाहीतर कणकेत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, थोडा लटकता ठेवायचा, म्हणजे तो चिमूटभर तुकडा कुठेतरी नाल्यात जात नाही, पिशवीबरोबरच धुवून वाळवून सुक्या कचऱ्यात जातो. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरचे कोवळे दांडे चिरून पीठ पेरून भाजी, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, शिळ्या पोळीचा कुस्करा. ह्यातलं नवीन काहीच नाही, तुम्ही सगळेच करत असाल. पण हे करताना घरात आलेली प्रत्येक वस्तू शेवटपर्यंत माझ्या नजरेखाली राहते, कुठल्या डब्यात काय आहे, काय संपत आलंय, हे सगळं मला माहीत असतं आणि त्याने डोकं इतकं शांत राहतं की काय सांगू. ज्या घरात काय आहे तेच माहीत नसतं तिथे कितीही आणलं तरी पुरत नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या घरात एक नियम आहे, काटकसर आपल्या गरजांवर करायची, दुसऱ्याच्या कमाईवर नाही. मंडईत पालेभाजीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची नाही, भांडेवालीची सुट्टी कापायची नाही, दिवाळीला तिला पूर्ण पगार जास्तीचा द्यायचा. दोन रुपये वाचवायचे असतील तर जुडी जपून वापरा ना, निम्मी फ्रिजमध्ये सडवायची आणि भाव करताना मात्र हात आखडायचा हे मला पटत नाही. लिहा सगळ्यांनी.

केळफूल

ओसरीताई, मस्त धागा! दोडक्याच्या शिरांची चटणी माझी फेव्हरेट, पण माझी कधी खुसखुशीत होत नाही, मऊ पडते, कृती सांगा ना.

एक मात्र विचारायचंय, राग मानू नका. हे सगळं करायला वेळ कोणाचा जातो? विरजण, लोणी, चटण्या, वाळवणं, पिशव्या धुणं. मी साडेनऊला घर सोडते आणि साडेसातला येते, मुलगी पाच वर्षांची आहे. सासूबाई टुकीने संसार करायच्या ह्याचं सगळे कौतुक करतात, मलाही आहे, पण त्या टुकीमागे त्यांचे दिवसाचे बारा-चौदा तास होते आणि त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाहीये. पैसा वाचला तो घराचा आणि वेळ गेला तो एकटीचा असं होत असेल तर त्याला काटकसर तरी कसं म्हणायचं?

पेठकर_जुना

मी शनिवार पेठेतला. वयाने इथे बहुतेक सगळ्यांत मोठा असेन म्हणून थोडं मागचं सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी शाळकरी होतो. वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, घरातलं धान्य, अंथरुणं, भांडी सगळं चिखलात. पानशेतपाठोपाठ खडकवासला पण फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर नळाला पाणीच नाही, ज्या वाड्यांत आड होते त्यांच्याकडे अख्खी पेठ पाण्याला. आमच्या ओळखीतली कितीतरी घरं गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेली ती परत पेठेत आलीच नाहीत. आईने चिखलातून पितळी भांडी शोधून काढली, ती घासून कल्हई लावून पुढे चाळीस वर्षं वापरली. मग १९७२ चा दुष्काळ, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी, भाकरी थापली तर तुटायची. पण पानात काही टाकायचं नाही हे आम्हाला कधी कोणी ओरडून शिकवलं नाही, मोठ्यांनाच तसं वागताना बघत होतो.

तर समाधानाचं म्हणाल तर माझ्या आईकडे ते होतं आणि ते वस्तू कमी होत्या म्हणून नव्हतं, गेलेलं सगळं परत हळूहळू उभं करता आलं ह्याचं होतं. एक एक भांडं परत फळीवर आलं. नवीन पातेलं घेतलं की त्या दिवशी घरात गोड व्हायचं. आता दारात रोज खोकी येतात, गोड कशाला करणार.

जाता जाता एक उपयोगाचं. स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर महापालिकेच्या घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे, मधे काही वर्षं ती अडकली होती, २०२३ ला परत सुरू झाली, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागला होता. बऱ्याच जणांनी तो भरलाच नाही आणि जास्तीची घरपट्टी भरत बसले. बिल बघून घ्या.

हिंजवडी_लोकल

वाचतोय सगळं. खरं सांगू का, मला हे वाचून छान पण वाटतंय आणि घुसमट पण होतीये. आमचं दोघांचं मिळून पॅकेज चांगलं आहे असं लोक म्हणतात पण पंचवीस तारखेला अकाउंट बघवत नाही. फ्लॅटचा इएमआय, गाडीचा इएमआय, सोसायटी मेंटेनन्स, मग उरलेले कुठे जातात तर दहा मिनिटांत सामान आणून देणारी अॅप्स, रात्री जेवण मागवणं, आणि वीकेंडला मॉल. मोठं काहीच घेतलेलं आठवत नाही आणि पैसे मात्र गेलेले असतात. दहा मिनिटांत कोथिंबीर येते म्हणून कोथिंबीर मागवतो आणि डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून बरोबर चिप्स, आइस्क्रीम, अजून काहीतरी. मंडईत पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला हा प्रॉब्लेम येत नसणार.

प्रश्न असा आहे की सुरुवात कुठून करायची? एकदम सगळं बंद केलं तर बायको आणि मी दोघंही चिडचिडे होऊ.

स्क्रूड्रायव्हर

ओसरीताई रसोई सांभाळतायत, मी बिजली-खातं सांगतो कारण माझा तो छंद आहे.

पंखा हळू फिरायला लागला की लोक नवीन पंखा आणतात. बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो, अडीच एमएफडीचा मिळतो, शंभराच्या आत येतो, मेन स्विच बंद करून बदलायचा. मिक्सर फिरत नाही, ठिणग्या दिसतायत तर कार्बन ब्रश. मिक्सर गुरगुरतोय पण भांड्यातलं पातं फिरत नाही तर खालचा कपलर झिजलाय. कुकरची शिट्टी होत नाही, कडेने वाफ जातीये, तर रिंग बदला, व्हॉल्व तपासा, कुकर बदलू नका. छत्री, चेनची बॅग, चपलेचा अंगठा, हे करणारी माणसं अजून प्रत्येक पेठेत, उपनगरात बसलेली आहेत, त्यांना काम द्या. सुटे पार्ट बोहरी आळीच्या आसपास फिरलात तर मिळतातच, आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तर पाने-पक्कड असली हत्यारं पण चांगली मिळतात, हातात धरून खिळखिळी नाहीत ना बघून घ्या.

आता बिल. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी वाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे रोजचं अर्धं युनिट, तीन पंखे म्हणजे महिन्याला ४५-५० युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे वाचलेली ही युनिट तुमच्या सगळ्यांत महाग युनिटमधली असतात हे लक्षात घ्या. २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालू राहिला की एक युनिट, तो चालू ठेवून टूथपेस्ट शोधत बसू नका. वस्तू चालू असताना बदलू नका पण पंखा जळूनच गेला, रिवाइंडिंगला आला, तर मग नवीन घेताना बीएलडीसी घ्या.

आणि खरं सांगतो, स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेला पंखा फिरायला लागतो ना तेव्हा जे वाटतं ते नवीन आणण्यात नाही.

तिसरा_मजला

मी सहसा लिहीत नाही इथे, पण ह्या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या घरी काटकसर होती. वडील सरकारी नोकरीत, बऱ्यापैकी पगार, घर स्वतःचं. आणि घरात अभ्यास करताना खोलीत दोन ट्यूब लागल्या की एक बंद व्हायची, पाहुणा आला की आई वडिलांकडे बघायची, ते मान हलवतील तरच चहा. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं असेल तर मी तापाचं निमित्त करायचे कारण हातात न्यायला काही मिळणार नाही हे माहीत असायचं. आईचा गुडघा वर्षानुवर्षं तेल लावून दाबत ठेवला. वडील गेल्यावर कपाटात एफडीच्या पावत्यांची एवढी जाड पिशवी निघाली, त्यातला एकही रुपया त्यांनी स्वतःवरही खर्च केला नव्हता. आई ती पिशवी बघून रडली नाही, ती चिडली. मी तिला तेवढं चिडलेलं कधीच बघितलं नव्हतं.

त्यामुळे काटकसरीत समाधान वगैरे वाचलं की मला आधी भीती वाटते. समाधान नक्की कोणाला मिळतंय हे विचारावंसं वाटतं. वडिलांना बहुतेक मिळत असेल. आम्हा तिघांना नाही मिळालं. ओसरीताई, तुमचा तो दुसऱ्याच्या कमाईवर काटकसर नाही हा नियम वाचून बरं वाटलं, पण मी त्यात एक घालेन, घरातल्या माणसाच्या इच्छेवरही नाही. जो हिशोब लिहितो त्याने आधी स्वतःची गरज कापावी, बाकीच्यांना विचारावं.

ओसरी

तिसरा_मजला, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मनापासून सांगते, तुमच्याकडे होतं त्याला मी काटकसर म्हणणार नाही. पैसा साठवणं आणि संसार जपून करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात एवढंच. जपून करणाऱ्याच्या घरात पाहुण्याला चहा मिळतोच मिळतो, साखर मोजून आणलेली असते ती त्याच्यासाठीच तर. आणि इच्छेवर काटकसर नाही हा तुमचा नियम मी आमच्या नियमाला जोडून घेतला, आजपासून.

आम्ही हे असं करतो की महिन्याच्या एक तारखेला आम्ही दोघं वही घेऊन बसतो आणि आधी कुठे काटकसर करायची नाही ते ठरवतो. डॉक्टर, औषधं, दात, चष्मा, पायातलं, गाडीचे टायर आणि ब्रेक, कामाला येणाऱ्या बाईंचा पगार, पाहुणा, आणि पुस्तकं. ह्या यादीला हात लावायचा नाही. शिवाय दोघांनाही थोडी रक्कम वेगळी, तिचा हिशोब द्यायचा नाही, हे त्या रकमेतून कॅसेट्स घ्यायचे, आता हेडफोन घेतात, मी चाफ्याची रोपं आणि गजरे. ह्यानंतर जे उरतं त्यात काटकसर.

केळफूल, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि राग कसला मानायचा. आमच्याकडे लोणी काढणं आणि तूप कढवणं ह्यांच्याकडे आहे, गेली वीस-पंचवीस वर्षं, नोकरीत असल्यापासून. किराण्याची यादी पण तेच करतात. मी नोकरी करत होते, एकटीने हे झालंच नसतं आणि केलं असतं तर वैतागून सोडून दिलं असतं. तुम्ही साडेनऊ ते साडेसात बाहेर असताना लोणी बिणी काढायच्या भानगडीत पडू नका. वेळ वाचवणारी काटकसर आधी करा. डाळ सकाळी भिजत घालून जा, संध्याकाळी कुकर पटकन होतो, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. भाताला उकळी आणून दोन-तीन मिनिटांनी झाकण घट्ट लावून भांडं जाड गोधडीत गुंडाळून ठेवायचं, अर्ध्या-पाऊण तासात आपोआप शिजतो, गॅसपाशी उभं राहायला नको. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त असतो तेव्हा रविवारी टीव्हीसमोर तिघांनी सोलायला बसायचं, पाच वर्षांच्या मुलीला ते काम फार आवडतं. वर्षाचे गहू घ्यायला जागा नसेल तर नका घेऊ, तिखट मात्र मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या आणून डंकावर करून घ्या, पुढचं वर्षभर बघायला नको.

केळफूल

गोधडीतला भात आज रात्रीच करून बघते! आणि नवऱ्याला हा धागा पाठवलाय, तूप कढवण्याचा भाग खास अधोरेखित करून.

मुलीच्या कपड्यांचं सांगते. बाळंतपणात आईने तिच्या जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी आणि झबली शिवली होती, बाजारातलं कुठलंच कापड त्याच्या जवळपास येत नाही. आमच्या सोसायटीत आता मुलांचे कपडे, सायकली, शाळेची पुस्तकं एकमेकांत फिरतात, आधी लोक लाजायचे, आता एकीने सुरुवात केल्यावर सगळे करतात. अगदीच नको झालेलं असेल तर आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात त्यांच्या संस्थेचं जुने कपडे, ई-कचरा गोळा करायचं अभियान असतं त्यात देतो. ह्या ताईंची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची आहे, कचरावेचकांनी स्वतःची उभी केलेली, त्यांच्यामुळे आपलं कितीतरी टाकलेलं परत वापरात येतं. काटकसरीच्या धाग्यात त्यांचं नाव यायलाच हवं. ओला-सुका वेगळा करून देणं तर किमान आपल्या हातात आहे.

पेठकर_जुना

हिंजवडीवाल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून मी देतो. तू खर्च बंद करू नकोस, आधी फुकट किंवा जवळजवळ फुकट असलेलं सुरू कर म्हणजे खर्चाला जागाच कमी राहील. वीकेंडला मॉलच्या ऐवजी पहाटे वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केली, अजून चालू आहे, एका संध्याकाळी दोन तास उत्तम माणूस ऐकायला मिळतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, वर्गणीत महिनाभर पुस्तकं. लक्ष्मी रोडला खरेदीला जातातच सगळे, तिथून चार पावलांवर आहे, पण जिना चढत नाहीत. आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळण्यात एक शनिवार कसा जातो कळत नाही. आमचं तरुणपण ह्यातच गेलं आणि आम्हाला कशाची उणीव आहे असं वाटलं नाही.

हिंजवडी_लोकल

काका, तुम्ही म्हणता ते ट्राय करतो, वेताळ टेकडी घरापासून लांब आहे पण रविवारी जमेल. आम्ही दोघांनी काल रात्री ओसरीताईंसारखी यादी केली, कुठे काटकसर करायची नाही त्याची. गंमत म्हणजे तिच्या यादीत पहिलं होतं शुक्रवारचं बाहेरचं जेवण आणि माझ्या यादीत ट्रेकिंग. दोन्ही ठेवलं. अॅप्स मात्र फोनवरून काढली, किराणा आता वाण्याकडे महिन्याची यादी देऊन, आणि भाजी कोपऱ्यावरच्या मावशींकडून. इएमआय काही जाणार नाही लगेच पण निदान पैसे कुठे जातात ते दिसेल. फ्रिजचं विचारायचं होतं, दहा वर्षांचा आहे, खालून पाणी गळतंय, दाराला हात लावला की गार हवा येते. बदलू का?

स्क्रूड्रायव्हर

दाराची गास्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, गेली आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली की तिथे फट आहे. गास्केट बदलून मिळते. पाण्याचं म्हणाल तर आतल्या मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, डीफ्रॉस्टचं पाणी तिथून खाली ट्रेमध्ये जातं, ते तुंबलं असेल, स्ट्रॉने किंवा कोमट पाण्याने साफ करा. काम करताना प्लग काढून ठेवा. मागच्या जाळीवरची धूळ पण ब्रशने काढा, फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय का ते बघा. कॉम्प्रेसर चांगला असेल तर अजून चार-पाच वर्षं सहज.

तिसरा_मजला

ओसरीताई, तुमची यादी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली चष्म्याच्या नंतर गुडघा लिहा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, त्याच पिशवीतल्या पावत्या मोडून. चहाचं पण वाचून दाखवलं. आता संध्याकाळी तिच्याकडे बायका येतात शेजारच्या, आणि ती कोणाला विचारत नाही.

ओसरी

लिहिलं हो, चष्म्याच्या खाली गुडघा, वहीत पण लिहिलं. आईंना सांगा ऑपरेशननंतर व्यायामाचा कंटाळा करायचा नाही, माझ्या नणंदेने तोच केला आणि पाय आखडला. फिजिओथेरपीवर पण काटकसर नाही.

केळफूल, चटणी राहिली होती. दोडका धुवून पुसून कोरडा करा मग शिरा काढा, ओल्या शिरा असल्या की मऊच पडतात. शिरा अगदी बारीक चिरायच्या. लोखंडी कढईत चमचाभर तेल, मंद आचेवर शिरा परतत राहायच्या, झाकण ठेवायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. कडक व्हायला लागल्या की मग तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं, तेही तांबूस झालं की तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर. मीठ आधी घातलंत तर पाणी सुटतं, तुमची मऊ पडते ती बहुतेक त्यामुळेच. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. ताज्या भाकरीबरोबर तर छान लागतेच, पण मुलीच्या डब्यात पोळीला तूप लावून त्यावर पसरून गुंडाळी करून द्या, खाईल ती.